पकडून बाहेर सोडलेला उंदीर जगतो का, आणि घरात पुन्हा उंदीर का दिसतो?

तक्रार बहुतेक घरांत एकाच क्रमाने घडते. रात्री स्वयंपाकघरात खुडबुड, सकाळी ओट्यावर लेंड्या, मग पिंजरा, भज्याचा तुकडा, आणि एक उंदीर अडकतो. मारायला हात धजत नाही. गणपतीचं वाहन, शिवाय एवढासा जीव. पिंजरा कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटमध्ये नेऊन उघडला जातो आणि आठवड्याभरात पुन्हा खुडबुड सुरू होते. सोडलेल्या उंदराचं काय झालं आणि घरातले उंदीर संपत का नाहीत, हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून इथे दोन्ही एकत्रच घेतले आहेत.

आधी थेट उत्तर. घरात जन्मून घरातच वाढलेला लहान उंदीर अनोळखी उघड्या जागी सोडला, तर तो बहुधा फार दिवस काढत नाही. जवळच सोडला, तर तो घरात शिरतो. तुमच्या नाही तर शेजाऱ्यांच्या. योग्य ऋतू, दाट आडोसा आणि अन्न असलेली जागा मिळाली तर काही उंदीर बाहेर तग धरतात, पण पिंजरा घेऊन निघालेला माणूस तशी जागा क्वचितच निवडतो. आणि घरात पुन्हा दिसलेला उंदीर बहुतेक वेळा दुसराच असतो, पहिला ज्या फटीतून आला त्याच फटीतून आलेला. म्हणून आधी फटी बुजवायच्या आणि मग सोडायचं. हा क्रम उलटा झाला की पिंजरा वर्षभर चालू राहतो.

पकडलंय ते नक्की काय आहे?

यावर पुढचं सगळं ठरतं, कारण आपल्याकडे पिंजऱ्यात चार वेगवेगळे प्राणी सापडतात आणि चौघांचं बाहेरचं भवितव्य वेगळं आहे.

घरातला लहान उंदीर शेपूट सोडून ७ ते १० सेंमी लांब आणि १२ ते २५ ग्रॅम वजनाचा असतो. लेंड्या ३ ते ६ मिमी, बारीक, टोकदार. शेपटीच्या लांबीवरून ओळखायला जाऊ नका. आपल्या भागातल्या लहान उंदराची शेपूट अंगाएवढी किंवा अंगापेक्षा लांबही असते. मोठ्या काळ्या उंदराचं पिल्लू आणि पूर्ण वाढलेला लहान उंदीर यांत गल्लत होते ती इथेच. पिल्लाचं डोकं आणि मागचे पाय अंगाच्या मानाने बोजड दिसतात, लहान उंदराचे पाय नाजूक असतात. लेंड्या सेंटिमीटरपेक्षा लांब असतील तर घरात मोठे उंदीर आहेत, मग खाली दिलेली ६ मिमीची जाळी चालेल, पण सापळा वेगळा लागेल.

चिचुंद्री ही उंदरांच्या जातीची नाहीच. लांब निमुळतं नाक, दिसेल न दिसेल एवढे डोळे, उग्र वास आणि भिंतीच्या कडेने पळताना चिकचिक आवाज. ती झुरळं आणि किडे खाते, धान्याची पोती कुरतडत नाही. तिला लगेच, घराबाहेरच, गटाराच्या किंवा झाडीच्या कडेला सोडा. ती तशीही बाहेर राहणारी आहे आणि व्यवस्थित जगते. तिला दर थोड्या वेळाने खायला लागतं, त्यामुळे रात्रभर पिंजऱ्यात राहिली तर सकाळी मेलेली सापडण्याची शक्यता बरीच असते.

शेताला लागून घर असेल तर चौथा पाहुणा म्हणजे शेतातला छोटा उंदीर. बांधात बीळ करणारा, वरून तपकिरी आणि पोट स्वच्छ पांढरं. हा चुकून घरात आलेला असतो. त्याला बांधावर सोडला की तो आपल्या घरीच गेला.

पुढचं सारं घरातल्या लहान उंदराबद्दल आहे.

बाहेर सोडल्यावर त्याचं काय होतं?

हा प्राणी मुळात उघड्यावर जगूच शकत नाही असा समज चुकीचा आहे. दक्षिण अटलांटिकमधल्या गॉफ बेटावर जहाजांतून पोचलेले हेच उंदीर आज उघड्यावर राहतात आणि अल्बाट्रॉस पक्ष्यांची जिवंत पिल्लं कुरतडून खातात. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या गव्हाच्या पट्ट्यात २०२१ मध्ये त्यांनी शेतं आणि गोदामं फस्त केली. पण ते उंदीर पिढ्यान् पिढ्या बाहेर जन्मलेले. बीळ कुठे, दाणा कुठे, लपायचं कुठे हे त्यांना जन्मापासून ठाऊक असतं. तुमच्या फ्रिजमागे वाढलेल्या उंदराला यातलं काहीच ठाऊक नसतं.

घरातला उंदीर आपल्या घरट्यापासून साधारण ३ ते १० मीटरच्या परिघात जगतो. कुठली भिंत कुठे संपते, कुठल्या ट्रॉलीमागे वाट आहे, हे त्याने सवयीने, मिशांच्या स्पर्शाने आणि स्वतःच्या मुताच्या वासावरून पाठ केलेलं असतं. मोकळ्या मैदानात सोडल्याबरोबर हे सगळं ज्ञान निरुपयोगी ठरतं. भिंत नाही, वासाची खूण नाही, बीळ नाही. तो धावत सुटतो, आणि धावणारा उंदीर हेच शिकाऱ्यांना सगळ्यात आधी दिसतं. दिवसा कावळे, घारी, भारद्वाज, मुंगूस. रात्री गव्हाणी घुबड, पिंगळा आणि मांजर. शिवाय धामण आणि नाग. शहरात यांतलं काही नसलं तरी मांजर असतंच. शिवाय मोठे उंदीर आणि घुशी असतात, आणि मोठे उंदीर लहान उंदरांना मारून खातात. कचराकुंडीजवळ सोडला तर खायला मिळेल, हा हिशोब इथे फसतो. कुंडीवर ताबा मोठ्या उंदरांचा असतो.

स्वजातीयही त्याला सामावून घेत नाहीत. जिथे लहान उंदरांची वस्ती आहे तिथले नर परक्या नराला चावून हाकलतात. जिथे वस्ती नाही तिथे बहुधा काहीतरी कारण असतं, अन्न नाही किंवा आडोसा नाही.

तिसरी गोष्ट अंगातल्या उबेची. एवढ्या छोट्या अंगातून उष्णता फार लवकर निघून जाते. उंदराला जास्तीची ताकद न लावता उबदार राहता येतं ते साधारण ३० अंशांना. त्याखाली त्याला ऊब टिकवायला खाणं जाळावं लागतं, म्हणून तो घरटं करतो आणि चार जण एकमेकांना बिलगून झोपतात. अंग भिजलं की हा हिशोब कोलमडतो. जून ते सप्टेंबर, विशेषतः कोकणात आणि घाटमाथ्यावर, उघड्यावर सोडलेल्या उंदराला आधी पाऊस मारतो, शिकारी नंतर. निफाडच्या किंवा विदर्भाच्या डिसेंबर-जानेवारीतल्या रात्री घरट्याशिवाय काढणं त्याला तितकंच जड जातं. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी सोडलेला उंदीर सावलीपर्यंत पोचला नाही तर तासाभराचाही पाहुणा नसतो.

खाण्याचं प्रमाण ऐकायला थोडं वाटतं, दिवसाला ३ ते ४ ग्रॅम. पण ते त्याच्या वजनाच्या पाचवा हिस्सा असू शकतं आणि रात्रीतून वीस-वीस ठिकाणी चिमूट चिमूट खाऊन ते भरलेलं असतं. अंगात साठा जवळजवळ नसतो. एक-दोन दिवस पोटात काही गेलं नाही की तो लटपटतो. पाण्याची मात्र त्याला फारशी अडचण येत नाही, ओलसर अन्न मिळालं तर तो पाण्याशिवाय बराच काळ काढतो.

मग घरात पुन्हा दिसतो तो कोण?

तीन शक्यता आहेत आणि तपासायला दोन रात्री पुरतात.

तोच परत आला असेल. शे-दोनशे मीटरवर सोडलेला उंदीर वाट काढत परत येऊ शकतो, मध्ये मोठा रस्ता किंवा नाला नसेल तर आणखी सहज.

घरातलाच दुसरा असेल. मादीचा गाभणकाळ १९ ते २१ दिवसांचा, एका वेळी पाच ते आठ पिल्लं, आणि व्यायल्यावर दिवसभरातच ती पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लं सहा ते आठ आठवड्यांत स्वतः वीण घालू लागतात. म्हणजे तुम्ही चार दिवसांनी एक उंदीर पकडून सोडत असाल, तर घरातली वाढ त्याच्या पुढे धावते आहे. एक पकडला आणि पिंजरा माळ्यावर ठेवून दिला, ही या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात महाग पडणारी सवय आहे.

किंवा बाहेरून नवीन आला असेल. पहिल्या पावसात बिळं आणि गटारं भरतात तेव्हा, आणि खरिपाची कापणी होऊन शेतं मोकळी होतात तेव्हा, घराकडे येणाऱ्यांची संख्या वाढते.

तपासायचं असं. रात्री झोपण्यापूर्वी ओट्याखाली, सिंकखाली, फ्रिजच्या मागे आणि दाराच्या आतल्या बाजूला रांगोळीची बारीक पूड चाळणीने पातळ पसरा, वीतभर रुंद पट्टा पुरे. गव्हाचं पीठ वापरू नका, ते उंदीर खातो आणि मुंग्या येतात. सकाळी टॉर्च जमिनीला आडवी धरून बघा. पुढच्या पायाची चार बोटं आणि मागच्याची पाच उमटलेली दिसतील, मध्ये कधी शेपटीची रेघ. पावलं कुठून सुरू होतात ते महत्त्वाचं. दाराकडून आत आली असतील तर बाहेरचा आहे. ट्रॉलीच्या मागून निघून तिथेच परत गेली असतील तर वस्ती आतच आहे.

दुसऱ्या रात्री, संशय असलेल्या प्रत्येक भोकात वर्तमानपत्राचा चुरगाळलेला बोळा सैलसर खुपसा. सकाळी बोळा बाहेर ढकललेला किंवा कुरतडलेला असेल ते भोक चालू आहे. जो बोळा तीन रात्री जसाच्या तसा राहिला, तिथून सध्या ये-जा नाही, पण तेही शेवटी बुजवायचंच.

लेंड्यांवरूनही अंदाज येतो. ताजी लेंडी काळीभोर, ओलसर, चमकणारी असते. जुनी करडी पडते आणि काडीने दाबली की भुगा होतो. मोजण्यापूर्वी जुन्या सगळ्या साफ करा, नाहीतर महिन्यापूर्वीच्या लेंड्या बघून माणूस उगीच घाबरतो.

पिंजरा लावूनही सापडत नसेल तर

बाजारातला नेहमीचा जाळीचा मोठा पिंजरा मोठ्या उंदरासाठी बनवलेला असतो. त्याच्या जाळीची भोकं एवढी मोठी असतात की लहान उंदीर आमिष खाऊन भोकातूनच निघून जातो. शिवाय त्याचा आमिष लावायचा आकडा १५ ग्रॅमच्या उंदराच्या ओढीने सुटत नाही. आमिष गायब आणि दार उघडंच, असं सलग दिसत असेल तर कारण हेच आहे. लहान उंदरासाठी बंद पत्र्याची किंवा पारदर्शक प्लास्टिकची पेटी घ्या, जिचं दार हलक्या धक्क्याने पडतं. मोठा पिंजराच वापरायचा असेल तर बाहेरून ६ मिमीची बारीक जाळी तारेने बांधा आणि आकड्याला तेल लावून इतका हलका करा की पेन्सिलीच्या टोकाने सुटला पाहिजे.

आमिष हरभऱ्याच्या दाण्याएवढं पुरे. विस्तवावर भाजलेला सुक्या खोबऱ्याचा तुकडा सगळ्यात चांगला, वास लांब जातो आणि दोन दिवस टिकतो. भाजलेला शेंगदाणा कुटून तुपात मळलेली गोळीही चालते. आमिष दोऱ्याने आकड्याला घट्ट बांधा, नुसतं टोचलं तर उंदीर अलगद काढून नेतो. भरपूर आमिष ठेवण्यात तोटा आहे, कडेचे कण खाऊनच पोट भरतं.

पेटी भिंतीला चिकटून, तोंड भिंतीच्या रेषेत. खोलीच्या मध्यभागी ठेवलेली पेटी रिकामी राहते, कारण उंदीर भिंतीची साथ सोडत नाही. जिथे लेंड्या जास्त तिथे दोन-दोन मीटरवर दोन-तीन पेट्या एकाच रात्री लावा. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो आणि चार-पाच दिवस लांब राहतो. लहान उंदीर उलटा, नवीन काही दिसलं की पहिल्याच रात्री येऊन हुंगतो. म्हणून लहान उंदीर तीन रात्रींत सापडला नाही तर वाट बघू नका, पेटीची जागा बदला. त्या रात्री ओटा कोरडा, खरकटं झाकलेलं, कचऱ्याचा डबा बाहेर आणि कुत्र्या-मांजराची ताटली उचललेली हवी. समोर भात सांडलेला असताना पेटीतल्या खोबऱ्याकडे तो कशाला जाईल?

पेटीत थोडे टिश्यूचे तुकडे आणि काकडीची एक चकती ठेवा. टिश्यूत तो अंग झाकून घेतो आणि काकडीतून पाणी मिळतं. रात्री झोपताना एकदा आणि पहाटे एकदा बघाच. प्लास्टिकच्या बंद पेटीत त्याच्या श्वासाने आणि मुताने आतून दव धरतं, अंग ओलं होतं, आणि दहा-बारा तासांनी पेटी उघडणाऱ्याच्या हाती अर्धमेला उंदीर येतो. मग तो कुठेही सोडा, जगत नाही. पुष्कळ उंदीर बाहेरच्या जगामुळे नाही, पिंजऱ्यातल्या रात्रीमुळे मरतात, आणि ही गोष्ट पूर्णपणे आपल्या हातातली आहे.

फटी बुजवणं

इथे वेळ घाला. लहान उंदराला ६ मिमीची फट पुरते. पेन्सिल जिथे आत जाते तिथून उंदीर जाऊ शकतो असं धरून चला आणि पेन्सिल हातात घेऊनच घर फिरा.

फ्लॅटमध्ये बघायच्या जागा अशा: सिंकखाली पाइप भिंतीत शिरतो ते भोक, पाइप गॅसच्या नळीचं भोक, एसीच्या तांब्याच्या नळ्यांचं भोक, वॉशिंग मशीनचा पाइप नुसता खोचलेला मोरीचा पाइप, एक्झॉस्ट फॅनची मागची बाजू, सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीतली पाणी जाण्याची भोकं, मुख्य दाराखालची फट, आणि डक्टच्या, म्हणजे इमारतीत पाइप नेणाऱ्या उभ्या पोकळीच्या, बाजूची प्रत्येक भिंत. मॉड्युलर किचन असेल तर खालची लांब पट्टी काढून ट्रॉल्या पूर्ण बाहेर ओढा. सुतारांनी पाइपसाठी कापलेली मोठी चौकोनी भोकं मागे तशीच असतात. स्वयंपाकघर वरून चकचकीत आणि मागे सरळ डक्टमध्ये उघडं, हे नव्या इमारतींत सर्रास दिसतं.

बुजवताना चुका होतात त्या साहित्याच्या. नुसता फोम मारला तर उंदीर एका रात्रीत कुरतडतो. कापड, थर्माकोल, लाकडाची खुंटी, एमसील एकटं, यांतलं काही टिकत नाही. साध्या लोखंडी तारेचा चोथा गंजून महिन्या-दोन महिन्यांत भुगा होतो, मोरीजवळ तर आणखी लवकर. भांडी घासायची स्टेनलेस स्टीलची तारेची घासणी उकलून भोकात घट्ट ठासा, निदान ४ सेंमी खोलवर, आणि वरून एक भाग सिमेंट व तीन भाग वाळूचा गिलावा करा. गावाकडे सिमेंटमध्ये फुटक्या काचा घालतात, तेही चालतं, फक्त हातमोजे घाला. ओला गिलावा उंदीर रात्रीत उकरतो, म्हणून पहिले चोवीस तास त्यावर पत्र्याचा तुकडा किंवा जाळी दाबून ठेवा आणि दोन-तीन दिवस पाणी मारा.

हवा किंवा पाणी जायलाच हवं अशा जागी ६ मिमीपेक्षा बारीक भोकांची स्टेनलेसची जाळी स्क्रूने बसवा, चिकटवून नको. प्लास्टिकची मच्छरजाळी उंदराला अडवत नाही. दाराखाली ५ मिमीपेक्षा जास्त फट राहता कामा नये. नुसती रबराची पट्टी कोपऱ्यातून कुरतडली जाते. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावा आणि लाकडी दार असेल तर खालच्या वीतभर भागावर दोन्ही बाजूंनी पत्रा ठोका.

कौलारू आणि मातीच्या भिंतींच्या घरात प्रत्येक फट बुजवणं होत नाही, हे मान्य करूनच काम करावं लागतं. तिथे जोर धान्यावर द्या. पत्र्याची कोठी, घट्ट झाकण, आणि पोती ठेवायचीच तर भिंतीपासून हातभर लांब, दीड-दोन फूट उंच माचावर, माचाच्या पायांना खाली तोंड केलेल्या पत्र्याच्या शंकूसारख्या टोप्या. लहान उंदीर जागेवरून फूटभर उंच उडी मारतो, त्यामुळे वीतभर उंचीचा पाट कामाचा नाही. पागोळीच्या बाजूला कौलांची उघडी तोंडं तेवढी चुन्या-सिमेंटने किंवा जाळीने बंद करा आणि छताला टेकलेल्या फांद्या छाटा.

फटी बुजवून झाल्यावरही आठ-दहा रात्री आत पेट्या लावलेल्याच ठेवा. आत राहिलेल्यांची वाट आता बंद झालेली असते. लागोपाठ सात रात्री रांगोळीवर पाऊल नाही आणि ताजी लेंडी नाही, तेव्हा घर मोकळं झालं असं धरा.

सोडायचाच असेल तर असा सोडा

बैठं घर किंवा बंगला असेल आणि फटी खरोखर बुजवल्या असतील, तर लांब नेऊ नका. आपल्याच आवारात, कुंपणाच्या झुडपाखाली, लाकडांच्या ढिगाशी, कडब्याच्या गंजीजवळ सोडा. ऐकायला उलटं वाटतं, पण उंदराच्या दृष्टीने हे सगळ्यात बरं. आसपासचे वास त्याला थोडेफार ओळखीचे असतात, आडोसा लगेच मिळतो आणि घरात शिरायची वाट बंद असते. पाच-दहा किलोमीटर लांब नेऊन सोडणं म्हणजे त्याच्यापासून सुटका, त्याची सुटका नव्हे.

फ्लॅटमध्ये हे जमत नाही. सोसायटीच्या आवारात सोडलेला उंदीर डक्टने वर चढून दुसऱ्या मजल्यावर जातो. तिथे पडीक, गवताळ, झुडपांची, पाणी न साचणारी जागा शोधावी लागते, जिथून सगळ्यात जवळचं घर निदान अर्धा किलोमीटर लांब आहे. शेतात सोडू नका. कापणी झालेल्या शेतात तो जगत नाही आणि उभ्या पिकात जगला तर शेतकऱ्याचं नुकसान. अभयारण्यात, राष्ट्रीय उद्यानात किंवा देवराईत तर अजिबात नको. गावाच्या टोकाला, दुसऱ्याच्या परसात गुपचूप सोडणं हे आपलं दुखणं त्यांच्या माथी मारणं आहे.

ऋतू म्हणाल तर पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबर. गवताला बी आलेलं असतं, जमीन कोरडी आणि रात्री अजून फार गार नसतात. वेळ दिवस मावळल्यानंतर लगेचची. नेताना पेटीवर कापड टाका, अंधारात तो शांत राहतो. स्कूटरच्या डिकीत बंद करून नेऊ नका, तिथे उन्हाने भट्टी झालेली असते.

पुठ्ठ्याचा बुटाचा खोका घ्या. आत मूठभर नारळाचा काथ्या आणि कागदाच्या पट्ट्या भरा. दोरे किंवा चिंध्या नको, पायाला गुंडाळतात. एका कोपऱ्याला अडीच सेंमीचं भोक पाडा, त्याहून मोठं नको. साधारण १०० ग्रॅम बाजरी, ज्वारी आणि थोडे शेंगदाणे आत टाका. वरून प्लास्टिकची पिशवी ओढा आणि खोका झुडपाच्या बुडाशी, थोड्या उंचवट्यावर ठेवा. पेटीचं तोंड खोक्याच्या भोकाशी लावून दार उघडा आणि बाजूला व्हा. हाताने धरायला जाऊ नका, शेपटीच्या टोकाला तर नाहीच, कातडी सोलून निघते. काही दिवसांनी प्लास्टिक तेवढं उचलून आणा.

कधी सोडू नये

मादीच्या पोटावर स्तनाग्रं ठळक आणि भोवतालचे केस गेलेले दिसत असतील, तर तिची पिल्लं घरात कुठेतरी आहेत. पारदर्शक पेटी खालून बघितली की हे कळतं. तिला लांब सोडली की पिल्लं भिंतीत उपाशी मरतात आणि तीन-चार दिवसांत वास सुटतो. घरटं बहुधा पेटीपासून काही मीटरच्या आतच असतं: फ्रिजच्या कॉम्प्रेसरपाशी, गॅसशेगडीखाली, जुन्या कागदांच्या खोक्यात. पिल्लांचे डोळे तेराव्या-चौदाव्या दिवशी उघडतात आणि तीन आठवड्यांनी ती स्वतः खाऊ लागतात, तोवर ती आईवरच अवलंबून असतात. घरट्यासकट सगळं बाहेरच्या खोक्यात हलवलं तर आई कधी पिल्लांना स्वीकारते, कधी टाकून पळते.

पाळलेले पांढरे उंदीर कुठल्याही परिस्थितीत सोडू नका. पांढरं अंग लांबून दिसतं आणि त्यांना शिकाऱ्याची भीतीच ठाऊक नसते. त्यांच्यासाठी पाळणारा दुसरा माणूस शोधा.

भर पावसात, कडाक्याच्या थंडीत, किंवा फ्लॅटमधून योग्य जागाच मिळत नसताना, आमचं स्पष्ट मत असं की चांगल्या ताकदीचा चाप (स्प्रिंगने झटकन पडणारा सापळा) हा उंदीर बाहेर सोडण्यापेक्षा कमी क्रूर आहे. चाप भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे करून लावला तर मानेवर पडतो आणि काही क्षणांत संपतं. ज्यांना मारणं मान्य नाही त्यांनी फटी बुजवण्यावर सगळी मेहनत घ्यावी, म्हणजे हा निर्णय घ्यायची वेळच कमी येईल.

चिकट पुठ्ठा मात्र वापरू नका. त्यावर उंदीर तासन् तास तडफडतो, कातडी सोलवटून घेतो, आणि पाली, चिमण्याही त्यात अडकतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने राज्यांना यावर बंदी आणायला सांगितलं आहे आणि अनेक राज्यांनी तशी परिपत्रकं काढली आहेत. रक्त गोठू न देणाऱ्या विषाच्या वड्या खाल्लेला उंदीर काही दिवसांनी मरतो, बहुधा न सापडणाऱ्या जागी, आणि तो खाणारं घुबड किंवा मांजरही धोक्यात येतं. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर घरात आणूच नका. ती मुलाच्या पोटात गेली तर तिच्यावर उतारा नाही.

हाताळणी आणि सफाई

लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या मुतातून पसरतो, म्हणून पेटी हाताळताना रबरी हातमोजे घाला आणि हातापायांवरच्या जखमा झाका. वाळलेल्या लेंड्या झाडूने झाडू नका, धूळ नाकात जाते. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं द्रावण करून लेंड्यांवर शिंपडा, पाच मिनिटं भिजू द्या, मग कागदाने उचलून पिशवीत बांधा. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड किंवा टॉयलेट क्लीनर मिसळू नका, विषारी वायू निघतो. पेटीही त्याच द्रावणाने धुऊन, स्वच्छ पाण्याने खळबळून उन्हात वाळवा. उंदराचा वास राहिला तरी चालतो, दुसरा उंदीर त्याने बिचकत नाही. ब्लीचचा वास राहिला तर मात्र तो पेटी टाळतो. चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं ते ठरवतील.

इमारतीत तीन-चार घरांत एकाच वेळी लेंड्या दिसत असतील तर एकट्या फ्लॅटमध्ये पिंजरा लावून भागणार नाही. डक्टच्या तळाशी साचलेला कचरा काढणं, कचऱ्याच्या खोलीला खाली पत्रा लावलेलं दार, मीटरच्या खोलीतली केबलची भोकं आणि कबुतरांना टाकलेले दाणे बंद करणं, एवढी चार कामं सोसायटीने एकाच आठवड्यात करायला हवीत. मुंबईत महानगरपालिकेच्या कीटकनाशक खात्याकडे वॉर्ड ऑफिसातून तक्रार नोंदवता येते. तक्रारीत नुसतं ‘उंदीर झालेत’ असं न लिहिता बिळं किती आणि कुठे, ताज्या लेंड्या कोणत्या मजल्यांवर, आणि त्या तीन मिलिमीटरच्या की सेंटिमीटरच्या, एवढं लिहा. लहान आणि मोठ्या उंदरांसाठी करायची कामं वेगळी असतात, आणि येणारा माणूस त्या तयारीने येतो.